वीस बाइटांचा बॅकअप

नागपुरातील एका संस्थेचे सहा लिनक्स सर्व्हर सांभाळणे हे माझे काम आहे. सुरुवातीची दोन वर्षे रोज सकाळी आल्याबरोबर मी प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन करून डिस्क किती भरली ते पाहत असे, रात्रीचा बॅकअप झाला की नाही ते तपासत असे आणि जुन्या लॉग फाइली हटवत असे. यात पाऊण तास सहज जाई. या कंटाळ्यातून जी पहिली स्क्रिप्ट (संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांची छोटी फाइल) लिहिली ती अवघ्या अकरा ओळींची होती. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफ या कमांडचे उत्तर घ्यायचे, एखादे पार्टिशन (डिस्कचा भाग) ८५ टक्क्यांहून अधिक भरलेले आढळले तर मेल पाठवायचा, अन्यथा गप्प बसायचे, एवढेच तिचे काम. ‘अन्यथा गप्प बसायचे’ ही अट मला तेव्हा फार शहाणपणाची वाटली होती.

त्याच धर्तीवर मी बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली. मायएसक्यूएलडंप ही कमांड डेटाबेसमधील मजकूर काढून देई, पाइपमधून (एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) तो फाइल आवळणाऱ्या जीझिपकडे जाई आणि आवळलेली फाइल तारखेच्या नावाने साठवली जाई. बॅकअप अयशस्वी झाला तरच मेल येणार होता, आणि कित्येक आठवडे तो आला नाही. मग एकदा हिशेब विभागातील एका सहकाऱ्याने चुकून पुसलेली नोंद परत मागितली, तेव्हा मी बॅकअपचा फोल्डर उघडला. जवळपास महिन्याभराच्या सर्व फाइली प्रत्येकी २० बाइटांच्या होत्या. डेटाबेसचा पासवर्ड मीच मध्यंतरी बदलला होता आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला होता. मायएसक्यूएलडंप रोज रात्री अपयशी ठरत होता, परंतु पाइपने जोडलेल्या कमांडांपैकी शेवटच्या कमांडचाच निकाल शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ग्राह्य धरतो. आणि शेवटच्या जीझिपने त्याला मिळालेली शून्य अक्षरे इमानदारीने आवळून २० बाइटांची निर्दोष फाइल तयार केली होती. मायएसक्यूएलडंपची तक्रार मी स्वतःच ‘उगाच कटकट नको’ म्हणून डेव्ह-नलकडे (जिथे पाठवलेले सारे नाहीसे होते) वळवलेली होती, हे लिहितानाही संकोच वाटतो. पुसलेली नोंद कागदी पावत्यांवरून पुन्हा भरावी लागली.

उपाय एका ओळीचा होता. बॅश या माझ्या शेलमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केला की साखळीतील कोणतीही कडी तुटली तरी संपूर्ण साखळी अपयशी मानली जाते. तेवढ्यावर माझा विश्वास बसला नाही, म्हणून फाइलचा आकार कालच्या तुलनेत निम्म्याहून कमी असेल तर थांबण्याची अट घातली, आणि दर शनिवारी ताजा बॅकअप एका चाचणी डेटाबेसमध्ये उतरवून त्यातील नोंदी मोजणारी दुसरी स्क्रिप्ट लिहिली. परत उतरवून न पाहिलेल्या फाइलीला मी आता बॅकअप म्हणत नाही.

याउलट, आरडाओरड करणारी चूक किती परवडते याचा अनुभव ऑगस्टमध्ये आला. डिसेंबरात लिहिलेली एक स्क्रिप्ट चालू महिन्याच्या अंकातून १ वजा करून मागील महिन्याचे लॉग वेगळे काढत असे. जानेवारीत उत्तर शून्य येईल हे ध्यानात ठेवून मी तशी अटही घातली होती. जुलैअखेरपर्यंत सारे सुरळीत चालले आणि १ ऑगस्टला पहाटे त्रुटीचा मेल आला. महिन्याचा अंक ०७, ०८ असा दोन आकड्यांत येत होता, आणि शून्याने सुरू होणारी संख्या बॅश अष्टमान पद्धतीतील, म्हणजे फक्त ० ते ७ या अंकांची, समजतो. त्या पद्धतीत ०७ पर्यंत काही बिघडत नाही, पण ८ आणि ९ हे अंकच नसतात. म्हणजे ही स्क्रिप्ट वर्षातून फक्त दोनच महिने मोडणार होती, ऑगस्ट आणि सप्टेंबर! संख्येआधी १० हा पाया स्पष्ट लिहिल्यावर प्रश्न मिटला. त्या वर्षी मारबतीच्या (पोळ्यानंतर नागपुरात निघणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीत लोक गावची रोगराई घेऊन जाण्यास तिला विनवत असताना माझ्या मनात मात्र हा ०८ होता.

ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या खोड्या त्यामानाने किरकोळ आहेत. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे त्याच्या वेळापत्रकाच्या फाइलीत, टक्क्याचे चिन्ह नवी ओळ मानले जाते, तेथील पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) अगदी तोकडा असतो, आणि सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर रात्री २ चे काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते. हे एकदा ठेचकाळून कळले की पुरते.

खरा पेच उन्हाळ्यात पडला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सर्व्हरच्या खोलीतील एसी बंद पडला तर हाताशी फार थोडा वेळ उरतो. म्हणून दर पाच मिनिटांनी तापमान वाचून मर्यादा ओलांडताच मेल पाठवणारी स्क्रिप्ट मी लावली होती. एका रविवारी दुपारी वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर चालत राहिले, पण एसी थांबला आणि ज्या स्विचमधून इंटरनेट येत होते तो यूपीएसला जोडलेलाच नव्हता. स्क्रिप्टने आपले काम चोख केले. तिचे चौदा मेल सर्व्हरच्याच रांगेत पडून राहिले आणि वीज परतल्यावर एकदम मला मिळाले.

तेव्हापासून मी व्यवस्था उलटी केली आहे. आमचे सर्व्हर दर पंधरा मिनिटांनी बाहेरच्या एका भाड्याच्या लहान सर्व्हरकडे हजेरी लावतात, आणि हजेरी चुकली की तो मला एसएमएस पाठवतो. त्या बाहेरच्या सर्व्हरची हजेरी घेणारे मात्र अजून कोणी नाही; ती दर सोमवारी सकाळी मी हातानेच घेतो.