विगनचा चषक

इंग्लंडमधील विगन अॅथलेटिक या लहान क्लबने एफए चषक ही तिथली बाद फेरीची फुटबॉल स्पर्धा जिंकली त्याला आता बरीच वर्षे लोटली. तरीही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या कट्ट्यावर २०१२-१३ च्या त्या हंगामाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "चषक घेऊन काय केलं? तीन दिवसांत खालच्या श्रेणीत गेलंच की!" हे बोलणे मला प्रत्येक वेळी खटकते. लीगमध्ये टिकता आले नाही म्हणून चषकाची किंमत कमी होते, हे मला आजवर पटलेले नाही. बाद फेरीचा फुटबॉल पाहतच लहानाच्या मोठ्या झालेल्या कोल्हापूरकराला तर ते पटूच नये, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये वरच्या गटात टिकण्यासाठी संघ जिवाचे रान करतात, हे खरे आहे. पण पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस या संघांच्या समर्थकांना वर्षानुवर्षे आठवतात ते शाहू स्टेडियमवरचे चषकांचे सामने. लीगमध्ये एक सामना गमावला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. बाद फेरीत तसे नसते. संध्याकाळी हरलात की झेंडे गुंडाळून पेठेत परतायचे आणि पुढच्या स्पर्धेची वाट पाहायची. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत आणि एकीचे गुण दुसरीच्या खात्यात धरता येत नाहीत.

इंग्लंडची एफए चषक स्पर्धा १८७१-७२ पासून चालत आली आहे. २०१२-१३ च्या हंगामात सातशेहून अधिक क्लब तिच्यात उतरले होते. ऑगस्टमध्ये गावोगावच्या लहान मैदानांवर पहिल्या पात्रता फेऱ्या होतात आणि प्रीमियर लीग या अव्वल श्रेणीचे संघ थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीत येतात. त्या फेरीत चौसष्ट संघ असतात आणि सोडतीत मानांकन नसते. कोणाचीही गाठ कोणाशीही पडू शकते. त्या काळी सामना बरोबरीत सुटला तर तो दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळला जाई. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे हे फेरसामने बंद झाले आणि माझ्या मते स्पर्धेचे त्यात मोठे नुकसान झाले. मोठ्या क्लबला आपल्या मैदानावर रोखून, मग त्याच्या भरगच्च स्टेडियममध्ये खेळायला जाण्याची लहान क्लबची संधी त्यामुळे गेली.

विगन जिंकला त्या हंगामात, २६ जानेवारी २०१३ ला चौथ्या फेरीत ल्युटन टाऊनने प्रीमियर लीगमधील नॉर्विचला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले. ल्युटन तेव्हा पाचव्या स्तरावर, म्हणजे मुख्य लीगच्याही बाहेर होता. ऐंशीव्या मिनिटाला बदली खेळाडू स्कॉट रेंडेलने गोल केला. लीगबाहेरच्या संघाने अव्वल श्रेणीतील संघाला हरवण्याची घटना १९८९ नंतर प्रथमच घडत होती. दुसऱ्याच दिवशी ओल्डहॅमने लिव्हरपूलला ३-२ असे बाहेर काढले. पुढे ब्लॅकबर्नने आर्सेनलला त्यांच्या मैदानावर एका गोलने हरवले. त्या हंगामात मोठी नावे अशी एकामागून एक गळत गेली.

विगनची वाटचाल मात्र सुरुवातीला कोणाच्या नजरेत भरण्यासारखी नव्हती. तिसऱ्या फेरीत बोर्नमथने त्यांना १-१ असे रोखले आणि फेरसामना एका गोलने जिंकावा लागला. मॅकल्सफील्ड या लीगबाहेरच्या संघाला त्यांनी पेनल्टीवरच्या एकमेव गोलने हरवले. हडर्सफील्डविरुद्ध ४-१ असा मोकळा विजय मिळाला. खरा खेळ दिसला तो ९ मार्चला, एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर. तिसाव्या मिनिटापासून अवघ्या चार मिनिटांत त्यांनी तीन गोल केले आणि यजमानांना सावरायला सवडच मिळाली नाही. उपांत्य फेरीत मिलवॉलला २-० असे नमवून विगन आपल्या इतिहासात प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. समोर मँचेस्टर सिटी होती, म्हणजे आदल्या वर्षीचा लीग विजेता संघ.

११ मे २०१३, शनिवार. आपल्याकडे रात्री पावणेदहाला सामना सुरू होणार होता. आमचे थोरले काका नेहमीप्रमाणे उजवा पाय लाकडी स्टुलावर ठेवून टीव्हीसमोर बसले होते. सत्तरच्या दशकात ते आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून बचावफळीत खेळत. एका चषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांच्या नडगीचे हाड मोडले आणि त्यानंतर ते पुन्हा खेळू शकले नाहीत. नडगीवर मधोमध आजही हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. थंडीत तिथे शेकावे लागते.

संघ मैदानात येऊ लागले तेव्हा विगनच्या रांगेच्या पुढे सुटाबुटातील एक वृद्ध गृहस्थ चालताना दिसले. काकांनी विचारले, "ह्यो म्हातारा कोण रे?" मी सांगितले की ते विगनचे मालक डेव्ह व्हेलन. १९६० च्या अंतिम सामन्यात ते इथेच, लंडनच्या जुन्या वेम्बली स्टेडियमवर ब्लॅकबर्नकडून खेळत होते. मध्यंतरापूर्वी त्यांचा पाय मोडला आणि ब्लॅकबर्न वुल्व्हज्‌कडून ३-० असा हरला. अव्वल दर्जाचा फुटबॉल त्यांना पुढे खेळता आला नाही. त्यांनी क्रीडासाहित्याच्या दुकानांत नाव आणि पैसा कमावला आणि १९९५ मध्ये चौथ्या स्तरावर धडपडणारा विगन क्लब विकत घेतला. दहा वर्षांत तो प्रीमियर लीगमध्ये आला. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे बाकीचा सामना धा जणांनी काढला?" त्या काळी बदली खेळाडू घेता येत नव्हता, असे मी सांगितले. "आमच्या दोन्ही बदल्या आधीच झाल्या हुत्या," एवढेच ते बोलले.

सामना पावसात झाला. प्रशिक्षक मार्टिनेझ यांच्या विगन संघाने सिटीच्या तारांकित खेळाडूंसमोर गोलरक्षणापुरते मागे न राहता पासिंगचा खेळ केला. कॅलम मॅकमॅनामन उजवीकडून वारंवार आत घुसत होता. त्यालाच पाडल्याबद्दल चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला सिटीच्या झबालेटाला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि तो बाहेर गेला. त्याआधी काही मिनिटे विगनने बेन वॉटसनला मैदानात उतरवले होते. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध खेळताना याच वॉटसनचा पाय मोडला होता, असे मी म्हणताच काकांनी स्टुलावरचा पाय खाली घेतला.

नव्वद मिनिटे संपून वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईची मिनिटे सुरू झाली होती. विगनच्या मलोनीने उजवीकडून कॉर्नर किक घेतली. जवळच्या खांबाकडे वॉटसन झेपावला, त्याने चेंडूला डोक्याने किंचित दिशा दिली आणि चेंडू जाळीत वरच्या बाजूला जाऊन बसला. १-०. आमच्या गल्लीत त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या घरी तो सामना चालू होता की नाही, कोण जाणे. बाहेर सगळे शांत होते. काका भिंतीला हात टेकवून उभे राहिले होते आणि व्हेलन पडद्यावर दिसेपर्यंत त्यांनी बसायचे नाव घेतले नाही.

मंगळवारी विगनचा सामना आर्सेनलशी होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी काका जागे राहिले. विगन ४-१ असा हरला आणि प्रीमियर लीगमधून खाली गेला. चषक जिंकून त्याच हंगामात श्रेणी गमावणारा तो पहिला संघ ठरला. आठ वर्षे त्या श्रेणीत तग धरलेल्या लहान शहरातील क्लबला ही घसरण जिव्हारी लागणारीच होती, आणि मी ती हलकी लेखत नाही. काकांनी मात्र एकच विचारले, "चषक माघारी न्यावा लागत न्हाई न्हवं?" पुढच्या अंतिम सामन्यापर्यंत तो त्यांच्याकडेच राहणार, असे मी सांगितले. मग ते भिंत धरत आत झोपायला गेले.

दुसऱ्या श्रेणीत खेळत असूनही त्या चषकामुळे विगनला पुढच्या हंगामात युरोपा लीगमध्ये उतरता आले. बेल्जियम, रशिया आणि स्लोव्हेनियातील संघांशी त्यांचे सामने झाले. ९ मार्च २०१४ ला, रविवारी, एफए चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांची गाठ पुन्हा मँचेस्टर सिटीशी, आणि या खेपेस सिटीच्याच मैदानावर पडली. विगन २-१ असा जिंकला. त्या रात्री काकांचा पाय पहिल्यापासूनच जमिनीवर होता.