तुम्ही विचारलंत म्हणून: राजवाड्याचं छप्पर

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "वीस वर्षांची आलिशान फोर-बाय-फोर अगदी पडत्या भावात मिळतेय. तुमच्याकडे तशीच आहे ना? घेऊ का?" विचारणाऱ्याने मनातल्या मनात गाडी घेतलेलीच असते, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. म्हणून मी हो-नाही काही म्हणत नाही. उलट विचारते, "सकाळी गाडी कशी उभी होती, पाहिलंत का?"

हा प्रश्न मला फार महागात शिकायला मिळाला. रात्री माझी गाडी सरळ उभी असायची आणि सकाळी बघावं तर मागचा डावा कोपरा बसलेला. असल्या बऱ्याच गाड्यांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात. कॉम्प्रेसर हवा पुरवतो, चारही कोपऱ्यांचे सेन्सर उंची मोजतात आणि त्या हिशेबाने व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळाने गाडी आपली आपण उठायची, म्हणून मी दोन महिने काणाडोळा केला. मग एका सकाळी ती उठलीच नाही. कॉम्प्रेसर जळला होता. नवा बसवला. तोही वर्षाच्या आत गेला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. फुग्यातून हवा जात होती आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसरचा जीव जात होता. त्याला अधूनमधून, थोडा वेळ चालायचं काम असतं. मी त्याला दिवसभर पळवत होते.

गळती शोधायला शेवटी लागलं काय, तर साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश. गाडी पूर्ण उंचीवर घेतली, चॅसीखाली चारही बाजूंना स्टँड लावले. (ही पायरी गाळू नका. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली भरवशावर शिरायचं नसतं. हवा सुटली की दोन-अडीच टन वजन खाली येतं.) फुग्याचं रबर खालच्या टोकाला जिथे आत दुमडतं, तिथेच बारीक चिरा पडतात आणि गाडी बसलेली असली की त्या घडीत लपतात. तिथे फेस लावून पडून राहिले. मिनिटभर काहीच नाही. मग कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा त्याच जागी आला. दोन कॉम्प्रेसर गिळणारा चोर हा एवढासा!

तर मुद्दा असा, की या गाडीत दोन जण राहतात. एक राबणारा, दुसरा नवाब. आधी नुसता राबणारा होता. रेंज रोव्हर 1970मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या सीट व्हिनाइलच्या होत्या आणि आतून पाण्याने धुता येईल अशीच ती बांधलेली होती. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, कायमचं फोर-व्हील ड्राइव्ह, एवढाच काय तो थाट. चामडं आणि लाकूड मागाहून आलं, हवेचं सस्पेन्शन तर 1992मध्ये. मर्सिडीजची जी-क्लास 1979मध्ये आली, तीही कामाची गाडी म्हणूनच. नवाबाने नंतर हळूहळू मुक्काम ठोकला.

राबणारा सहसा दगा देत नाही. त्याला वेळेवर तेल हवं, गिअरबॉक्समध्ये, ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच). चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांमधलं मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही फरक भरून काढत बसतं. आणि खोल पाण्यातून आलात तर तेल तपासायचं. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. श्वास घ्यायची नळी चोंदलेली असेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. तेल दुधाळ दिसलं की समजायचं. बस, एवढ्यावर तो खूश.

नवाबाचं मात्र बघावं लागतं. सनरूफच्या चौकटीत साचणारं पाणी खाली नेणाऱ्या चार बारीक नळ्या असतात. पानं-धूळ अडकून त्यातली एक तुंबली, की पाणी खांबाच्या आतून उतरतं आणि थेट गालिच्याखाली जातं. माझ्या गाडीत तिथेच एक कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, बसवलेलं. (ज्याने ती जागा निवडली त्याला एकदा भेटायचं आहे.) आधी खिडक्यांनी ऐकणं सोडलं, मग आरसे, मग डॅशबोर्डावर पिवळ्या दिव्यांची रोषणाई. मी सेन्सर बदलत सुटले आणि शेवटी गालिचा उचलला तर खालचा फोम चिंब, कनेक्टरच्या पिना हिरव्या. बरं, दर वेळी असंच असतं असंही नाही. एकदा अशीच रोषणाई झाली तेव्हा फक्त बॅटरी थकली होती. व्होल्टेज पडलं की हे सगळे कंट्रोलर एकदम कांगावा करतात. आता मी आधी व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर घेते, मग बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर, आणि पार्ट मागवायचं नाव शेवटी.

कारण तिथेच खिसा फाटतो. वीस वर्षांत गाडीची किंमत कोसळते, तिच्या सुट्या भागांची कोसळत नाही. राजवाडा कवडीमोलाने मिळाला तरी छप्पर राजवाड्याचंच शाकारावं लागतं. फुगे, कॉम्प्रेसर, कंट्रोल युनिट नव्या गाडीच्या भागांच्याच भावात येतात आणि मजुरीही तशीच. स्वतः हात काळे करायची तयारी नसेल तर मी म्हणेन, नका पडू यात. मला ते काळे हात आवडतात, हे माझं झालं. खिडकीची मोटर खोलून, ग्रीस भरून, काच पुन्हा सरसर वर जाताना पाहणं, हे सुख नवी गाडी देत नाही. पण ते तुमचंही सुख असेल असं मी कशाला गृहीत धरू?

तरीही घेणारच असाल, तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर आधी लांबून चारही कोपरे बघा, मग गालिच्याखाली हात घाला. आणि त्याआधी बॉनेटवर तळहात टेकवा. गरम लागला, तर त्याचा चहा न घेताच निघा आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जा.