सात फूट दोन इंचांचं वाळवण

आमच्या आत्याच्या गच्चीवर एक फळी असायची. घरात तिला 'ऑस्ट्रेलियाची फळी' म्हणत आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नसे. ऐंशीच्या दशकात कोरेगाव पार्कात गोऱ्या भाडेकरूंना तोटा नव्हता. आत्याच्या आउटहाउसमधला एक जण तीन महिन्यांचं भाडं थकवून निघाला आणि 'परत येऊन नेतो' म्हणून ही फळी ठेवून गेला. तो आला नाही. आत्याने दोन पावसाळे वाट पाहिली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात फळीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या.

फळी वाळवणासाठीच घडवल्यासारखी होती. उपडी टाकली की दोन्ही टोकं जमिनीला टेकायची आणि सपाट पोट वर यायचं. त्यावर प्लास्टिक अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार गोटे ठेवायचे. एका टोकाला माशाच्या परासारखं काहीतरी उभं होतं आणि त्याला आरपार भोक होतं. आत्या त्यातून जुन्या साडीची पट्टी ओवून गच्चीच्या कठड्याला बांधायची. वळवाच्या वाऱ्यात एकदा फळी शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनापर्यंत गेली होती, तेव्हापासून.

पुढे नोकरीने मला दोन वर्षं सिडनीला नेलं. मॅनलीच्या किनाऱ्याजवळ जुन्या सर्फबोर्डांचं, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरायच्या फळ्यांचं, एक दुकान होतं. तिथे भिंतीवर, चांगला उजेडबिजेड टाकून, आत्याच्या फळीची सख्खी बहीण टांगलेली दिसली. किंमत माझ्या महिन्याच्या घरभाड्याहून जास्त. मी हसलो, तर दुकानदाराला वाटलं मी भाव पाडतोय.

त्यानेच मला भोकाचा अर्थ सांगितला. १९७० च्या आधी बोर्ड पायाला बांधायची पद्धतच नव्हती. पडलात की बोर्ड लाटेबरोबर किनाऱ्याला आणि तुम्ही मागून पोहत. मग १९७१ च्या सुमारास पायाची दोरी आली. ती अडकवायला बोर्डात वेगळी सोय नसल्यामुळे लोकांनी सरळ फिनलाच, म्हणजे त्या माशाच्या परासारख्या भागालाच, भोकं पाडली. सुरुवातीच्या दोऱ्या रबरी नळीच्या असत, ताणल्या की बोर्ड उलटा अंगावर यायचा. थंड पाण्यात घालायचे रबरी वेटसूट बनवणाऱ्या जॅक ओनीलचा डावा डोळा अशाच दोरीपायी गेला. म्हणजे एकच फिन आणि त्यात भोक, यावरून आमची फळी सत्तरच्या दशकातली. १९८१ मध्ये सायमन अँडरसनने तीन फिनांच्या बोर्डावर ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा मारली आणि त्यानंतर एका फिनवाले बोर्ड भराभर माळ्यांवर गेले. एक आत्याच्या गच्चीवर आला.

तिथेच मी लाटेवर उभं राहायला शिकलो. उभं राहायला म्हणजे, पडण्याआधी. मॅनलीच्या शेजारीच फ्रेशवॉटर आहे. हवाईच्या ड्यूक कहानामोकूने १९१४-१५ च्या उन्हाळ्यात तिथे पाइनच्या लाकडाचा बोर्ड स्वतः तासून लोकांना लाटेवर चालून दाखवलं. तो बोर्ड तिथल्या क्लबने अजून जपून ठेवला आहे. त्याच्यापुढे उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात एकच विचार आला, की पुण्यात आत्ता कुरडयांचे दिवस आहेत.

परतल्यावर पहिल्याच रविवारी फळी गच्चीवरून उतरवली आणि टॉर्च लावून बघितली. मधून लाकडाची बारीक पट्टी गेलेली. फिनजवळ, रेझिनच्या थराखाली, पेन्सिलीने लिहिलेले आकडे: सात फूट दोन इंच. ज्याने तासली त्याचा हात. पाठ अजून गोरी आणि पोट मात्र जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखं पिवळं, कारण रेझिन उन्हाने पिवळं पडतं. त्या पिवळ्यात चार फिकट गोल. आत्याचे गोटे. तीसेक उन्हाळे ती ते त्याच जागी ठेवत आली होती.

एका कडेला चीर होती. चिरेतून पाणी आत गेलं की आतला फोम ते पीत राहतो आणि बोर्ड जड होतो, म्हणून नाना पेठेत गाड्यांचे बंपर सांधणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आधी टिचकी मारून विचारलं, "आत थर्माकोल नाही ना? हे रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं." हा प्रश्न सर्फबोर्ड दुरुस्त करणारे जगभर विचारतात. हा मात्र गणपतीच्या डेकोरेशनवरून शिकलेला. आत पॉलियुरेथेनचा फोम निघाला, त्याला हे रेझिन खात नाही, आणि काम झालं. मग तो म्हणाला, "पॉलिश मारून देऊ का साहेब? हे डाग जातील, मेटॅलिक निळा करू." संग्राहकांचा दंडक असा की पाणी शिरेल तेवढंच बुजवा, बाकी हात लावू नका. मी दंडक सांगितला. खरं कारण ते चार गोल होते.

आता माझ्याकडे चार बोर्ड आहेत. बाकीचे तीन गोव्यातून, परतणाऱ्या प्रवाशांकडून घेतलेले. कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर, पलंगामागे. लिफ्टमध्ये मावत नाहीत. सोसायटीत विचारणा झाली, "समुद्र कुठाय पण?" रास्त आहे. समुद्र ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळा करत दिवेआगरला आहे. टपावर बोर्ड बांधला की ताम्हिणीच्या प्रत्येक वळणावर दोरी कुरकुरते.

पावसाळ्यात तो समुद्र जवळ करायचा नाही. ऑक्टोबरात लाटा अंगाने लहान आणि जरा आळशी होतात. ते या फळीच्या पथ्यावर पडतं. जाड, लांब बोर्ड लहान लाटेवरही तरंगत निघतो. तीन फिनांचा नवा बोर्ड झटक्यात वळतो. हिला वळवायचं तर आधी विचार करावा लागतो, मग झुकावं लागतं, मग ती तिच्या सवडीने वळते. आत्याला रिक्षातून उतरवण्यासारखंच.

आत्याने फळी फुकट दिली नाही. करार झाला: मार्च ते मे तिची, पुढे माझी. तीन महिने टळटळीत उन्हात जुना बोर्ड ठेवायचा हे कुठल्याही संग्राहकाला सांगितलं तर तो छाती धरून खाली बसेल. मी मान्य केलं.

परवा दिवेआगरला फिनच्या भोकात दोरी ओवताना आत हिरव्या साडीचा एक धागा अडकलेला दिसला. निघता निघेना, तसाच पाण्यात नेला. संध्याकाळी आत्याचा फोन.

"बुडाला नाहीस ना?"

"नाही गं."

"मग ऐक. गोड्या पाण्याने धू तिला. आणि सावलीत नको, चांगली खडखडीत वाळव."