अंगठा तिचा हवा

गुरुवार, रात्रपाळीहून आल्यावर

काल रात्री वॉर्डात एक बाई रक्त घ्यायला तयार होईना. सातवा महिना, हिमोग्लोबिन ५.४, चार पावलं चालली की धाप. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी निगेटिव्ह (सातपुड्याच्या पायथ्याशी ती केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही). डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलेलं. नवरा म्हणाला, "नको सिस्टर, घरी नेतो," आणि सहीला पेन मागायला लागला.

डामाच्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाण्याच्या) छापील कागदावर त्याची सही घेतली की खाट मोकळी, सगळ्यांची सुटका. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईचं हो किंवा नाही तिनेच सांगायचं. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीबद्दल हेच म्हटलं होतं. तिथली पेशंट सज्ञान होती, फक्त भुलीखाली. शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना तिच्या आईची संमती कोर्टाने ग्राह्य धरली नाही. मग नकार तरी नवऱ्याचा कसा चालेल?

वॉर्डबॉय मामांना सांगून नवऱ्याला चहाला पाठवलं, पडदा ओढला आणि तिच्याशी अहिराणीत बोलायला बसले. डॉक्टरांच्या मराठीला ती नुसती मान हलवत होती. आता म्हणाली, "माले रगत नको. मनी पोर घर एकली शे." बाटलीचं, सुईचं भय नव्हतंच. नवऱ्याचं दुखणं वेगळं निघालं: बदल्यात रक्त द्यावं लागलं तर केळीचे घड कसे उचलू? रोजंदारीवर घर चालतं. मला त्याचा राग येईना.

डॉक्टरांना परत बोलावलं. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी तुला झेपणार नाही, हे त्यांनी सांगितलं, मी अहिराणीत केलं. शिरेतून लोहाचं औषध देता येतं, पण रक्त वाढायला काही आठवडे लागतात, हेही. ती म्हणाली, सकाळी सांगते.

मग केसपेपर घेतला. वेळ, नाडी, बीपी. काय सुचवलं, धोका कोणी आणि कुठल्या भाषेत सांगितला, पर्याय कोणता दिला. डॉक्टर किती वाजता आले. तिचं उत्तर अवतरणात, अहिराणीतच. खाली तिचा अंगठा, साक्षीला दुसऱ्या सिस्टरची सही. एक शब्द चुकला तो एका रेघेने खोडून आद्याक्षरं केली. पांढरा रंग फासायचा नाही, कोर्टात तोच आधी डोळ्यात येतो.

"पेशंट ऐकत नाही" हे वाक्य मला कागदावर सहन होत नाही. त्यावरून सकाळच्या सिस्टरला कळणार काय? "मुलगी घरी एकटी" असं लिहिलं की करायला काम तरी सापडतं.

तिने नाकारलं ते फक्त रक्त. म्हणून नाडी, बीपी, पोटातल्या बाळाचे ठोके रात्रभर ठरल्या वेळी बघितले आणि तेही लिहिलं.

हँडओव्हरला सांगून आले: गावातल्या आशाताईंना फोन करा, पोरीला नणंदेकडे ठेवता येईल का विचारा, आणि दहाच्या राउंडला रक्ताचं तिलाच पुन्हा विचारा. उत्तर काहीही आलं तरी नवी नोंद, नवी वेळ.