बिनमिरचीचा पांढरा रस्सा

दिवसभर पावसाची रिपरिप, म्हणून मित्रानं दिलेला कॅव्हेंडिशचा, म्हणजे पाइपात ओढायच्या सौम्य तंबाखूचा, डबा शेवटी फोडला. डब्यात व्हॅनिलाचा वास. पेटवल्यावर थेट काकवी! निपाणीच्या विडीवर वाढलेल्या माणसाला हे म्हणजे बिनमिरचीचा पांढरा रस्सा.

पहिल्यांदा पाइप तीनदा विझला. तंबाखू दमट होती. चिडून भराभर ओढला, तर जिभेला असला चटका बसला की चहासुद्धा पिववेना. सौम्य म्हणे! मग अर्धा तास कागदावर पसरून ठेवली, सैल भरली, सावकाश ओढली. तेव्हा कुठं गोडवा उतरला. तळाचे दोन झुरके मात्र ओले, कडवट. ते सोडूनच दिले.

आतून आई ओरडली, "गॅलरीत गुऱ्हाळ लावलंयस काय रं?"