रचना कोणत्या रकान्यात लिहायची?

बढतीच्या अर्जात ‘शोधनिबंध’ आणि ‘सर्जनशील काम’ असे दोन वेगळे रकाने असतात. संगीतरचना आणि ध्वनितंत्रज्ञान ही दोन्ही क्षेत्रे एकत्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा अर्ज भरताना दर वेळी तीच अडचण येते : ज्या कामात सगळ्यात जास्त डोके आणि सगळ्यात जास्त महिने खर्ची पडले, ते नेमके या दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर येऊन पडते.

काही वर्षांपूर्वी मी चेलो (व्हायोलिनच्या जातीचे, पण मोठे आणि खालच्या स्वरांचे वाद्य) आणि संगणक यांच्यासाठी एक रचना केली. वादक जो स्वर लावेल तो संगणकाने ओळखायचा आणि त्याला धरून लगेच दुसरा आवाज निर्माण करायचा, अशी कल्पना होती. स्वर ओळखायचा तर ध्वनीचा छोटा तुकडा घेऊन त्याचे विश्लेषण करावे लागते. सेकंदाला 44,100 सँपल, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणोक्षणीची मोजमापे, घेतले जात असतील, तर 1,024 सँपलांचा तुकडा जेमतेम 23 मिलिसेकंदांचा होतो. पण त्यातून मिळणाऱ्या वारंवारतेच्या पट्ट्या एकमेकींपासून सुमारे 43 हर्ट्झ अंतरावर पडतात आणि 110 हर्ट्झच्या स्वराचा लगतचा अर्धस्वर तर अवघ्या साडेसहा हर्ट्झवर असतो. तुकडा चौपट केला की पट्ट्या 11 हर्ट्झच्या आसपास येतात, म्हणजे अजूनही जाडच, आणि संगणकाचे उत्तर 93 मिलिसेकंदांनी मागे पडते. इतका उशीर वादकाला खटकतोच. याहून हुशार पद्धती आहेत आणि मी त्या वापरल्याही. पण चेलोची सर्वांत खालची तार सुमारे 65 हर्ट्झला लागते, तिच्या एका कंपनालाच 15 मिलिसेकंद लागतात, आणि अशी दोन-तीन कंपने ऐकल्याखेरीज स्वर कोणता हे खात्रीने सांगणे अवघड असते.

दोन महिने प्रोग्रॅमशी झगडल्यावर मी रचनाच बदलली. खालच्या तारेवरचा जलद भाग काढून तिथे लांब ओढलेले स्वर घातले, संगणकाचा उशीर लपवत बसण्याऐवजी तो लयीतच धरला, आणि वरच्या सप्तकात दोघांना बरोबरीने धावू दिले. माझ्या मते त्या रचनेतला सर्वांत चांगला भाग तोच आहे. परंतु तांत्रिक शोधनिबंधात ‘मग स्वर बदलले’ हा उपाय म्हणून मांडता येत नाही, आणि स्वरलिपी पाहणाऱ्याला ते स्वर एवढे लांब का आहेत हे कळण्याचा मार्ग नाही. (अभियांत्रिकीतल्या एका परीक्षकाने त्याला ‘पळवाट’ म्हटले होते, संगीतातल्या परीक्षकाने मुळात तो प्रश्न असल्याचेच ओळखले नाही. दोघांचाही राग यावा असे त्यात काही नव्हते.)

या विषयाचा इतिहास अशाच दोन डगरींवर पाय ठेवलेल्या माणसांनी घडवला आहे. भौतिकशास्त्र आणि संगीतरचना या दोन्हींचे शिक्षण घेतलेल्या झाँ-क्लोद रिसे यांनी 1960च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत ट्रम्पेटच्या आवाजाचे विश्लेषण केले. जॉन चाउनिंग तर मुळात संगीतकार. 1967मध्ये स्टॅनफर्डला संगणकावर स्वराला कंप देत असताना त्यांनी त्या कंपाचा वेग वाढवत नेला, आणि एका टप्प्यानंतर कंप ऐकू येईनासा होऊन त्या जागी नवाच स्वररंग उमटल्याचे त्यांच्या कानांनी टिपले. रेडिओच्या अभियंत्यांना फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनचे, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता बदलत ठेवण्याचे, गणित आधीपासून ठाऊक होते. त्याचा वाद्यासारखा उपयोग मात्र एका रचनाकाराच्या कानाला सापडला. शोधनिबंध 1973मध्ये आला, आणि त्याच तंत्रावर उभा असलेला यामाहाचा ‘डीएक्स 7’ हा सिंथेसायझर 1983मध्ये बाजारात येऊन जगभर पोचला. दरम्यान त्याच विद्यापीठाने चाउनिंग यांना कायम करण्याचे नाकारले होते आणि पुढे परतही बोलावले होते. ही हकिकत मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. धीर द्यायला की सावध करायला, ते त्या दिवशीच्या माझ्या मनःस्थितीवर अवलंबून असते.

गेल्या वर्षी ती चेलोची रचना पुन्हा सादर करण्याची विचारणा झाली. स्वरलिपीचे कागद जसेच्या तसे होते, पण प्रोग्रॅम नव्या संगणकावर उघडेना. ज्या दोन पूरक भागांवर तो उभा होता, त्यांची देखभाल केव्हाच थांबली होती. सुट्टीचे तीन आठवडे घालून मी तो पुन्हा लिहिला. या तीन आठवड्यांना अर्जात अर्थातच रकाना नाही, कारण नवे असे काहीच निर्माण झाले नाही. नवे यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान असल्यामुळे, आता तो जलद भाग परत घालता येईल का, असे वादकाने विचारले. आम्ही एक दुपार करून पाहिले. खालच्या तारेवर संगणक पूर्वीसारखाच चाचपडत राहिला, कारण यंत्र कितीही वेगवान झाले तरी त्या तारेच्या एका कंपनाला 15 मिलिसेकंद लागायचे ते लागतातच. लांब स्वर होते तसेच ठेवले.