दगडी भिंतीपलीकडचा व्यापारी

कॅनडातल्या हॅमिल्टनला आम्ही 'डोंगरावर' राहतो. खरं म्हणजे तो नायगारा कड्याचा शंभरेक मीटरचा चढ, पण इथे सगळे त्याला 'माउंटन'च म्हणतात. मोहॉक कॉलेजजवळ, फेनेल अॅव्हेन्यूला एक लांबलचक जुनी दगडी भिंत लागते. थंडीत तिच्या सांध्यांमध्ये बर्फ असा बसतो की नुकताच चुना भरल्यासारखा वाटतो. आत ऑकमार नावाचा वाडा आहे, १८५०च्या दशकात बांधलेला. तो बांधणाऱ्या आयझॅक ब्यूकॅननबद्दल मी गेला महिनाभर वाचतेय.

जन्म १८१०चा, ग्लासगोचा. विशीत टोरांटोला आले आणि विलायती मालाची घाऊक पेढी चालवली. १८३७ मध्ये इथल्या सरकारविरुद्ध बंड झालं, तेव्हा सरकारच्या बाजूने मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यात होते, १८४१ मध्ये टोरांटोतून कायदेमंडळावर निवडून गेले, मग मुक्काम हॅमिल्टनला हलवला. अमेरिकेतल्या यादवीमुळे सरहद्दीवर धास्ती होती, तेव्हा १८६२ मध्ये इथे तेरावी पलटण उभी राहिली. तिचे पहिले लेफ्टनंट कर्नल हेच. तिच्याच परंपरेतली रॉयल हॅमिल्टन लाइट इन्फंट्री आजही गावात आहे.

मला थक्क करते ती त्यांची जकातीवरची भूमिका. स्वतःचा धंदा विलायती माल आणून विकण्याचा, तरी हा माणूस सांगत राहिला की बाहेरच्या मालावर जकात बसवा, इथले कारखाने उभे राहू द्या, इथल्या हातांना काम मिळू द्या. १८५८ मध्ये कॅनडातल्या उद्योगांसाठी संघटना उभी करण्यात ते पुढे होते. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी जकात वाढलीही. शेफील्डच्या कारखानदारांनी लंडनला तक्रार केली, तेव्हा कॅनडाचे अर्थमंत्री गॉल्ट यांनी उलट कळवलं की आमच्यावरचे कर आम्हीच ठरवणार. आणि ते चाललं!

हे वाचताना मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. साम्राज्य तेच. पण मँचेस्टरच्या दबावापुढे हिंदुस्थानात १८८२ साली कापडावरची आयात जकात काढून टाकली गेली, आणि १८९६ पासून आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. गोऱ्यांच्या वसाहतीला स्वतःचं कायदेमंडळ होतं, आपल्याला नव्हतं. शाळेत हे शिकले होते, पण जिव्हारी लागलं ते इथे येऊन.

ब्यूकॅननना रेल्वेच्या उलाढालींनी पोखरलं. १८६७ मध्ये पेढी बुडाली, पुढे हा वाडाही विकावा लागला. १८७९ मध्ये पंतप्रधान मॅकडोनाल्डनी संरक्षक जकातीचं धोरण देशभर लागू केलं, तेव्हा मात्र ते हयात होते. त्यानंतर चार वर्षांनी, १८८३ मध्ये, हॅमिल्टनलाच गेले. एवढं तरी त्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं.